बियाची काकडी

चैत्र लागला की बारामतीच्या बाजारात काकड्यांचे ढीग पडतात आणि आमच्या घरात माझी थट्टा सुरू होते. काकड्या उन्हाळ्यापुरत्या असतात. थट्टेला मात्र ऋतू नाही. लग्न असो, बारसं असो, नुसती चार माणसं जेवायला बसलेली असोत, तिला फूल येतंच.

परवा पुतण्याच्या लग्नात तेच झालं. पंगत बसली होती, पानात काकडीची कोशिंबीर वाढून झाली होती, आणि माझे थोरले दीर, ज्यांना सगळं घर आबा म्हणतं, त्यांनी घसा खाकरला. मी ओळखलं. आमच्याकडे गोष्टी सांगायचं काम खरं म्हणजे माझं. मला गाता येत नाही, पुरणपोळी माझ्या हातून तालुक्याच्या नकाशासारखी होते, त्यामुळे मंगलकार्यात मला एका कोपऱ्यात बसवून घरातली पोरंबाळं माझ्या अंगावर सोडतात. पण ही एक गोष्ट आबांची. ती सांगायचा हक्क त्यांनी कुणाला दिलेला नाही, आणि ती जिची आहे तिला तर कुणी विचारलेलंही नाही.

"ऐका नव्या सूनबाई," आबा म्हणाले. "ही तुमची चुलतसासू हाय न्हवं, ही एका काकडीपायी आठ दिस रुसून बसली हुती. आन् त्याच काकडीनं आमच्या शेवंताची सोयरीक जुळवली."

पंगत हसली. नवी सून पदराआड हसली. शेवंता, म्हणजे माझी नणंद, बावड्याहून आलेली, आता नातवंडांची आजी, तीही पोट धरून हसली. आणि मी? मीही हसले. बावीस नव्हे, चोवीस नव्हे, तीसेक वर्षं हसतेच आहे. हसता हसता दाढा गेल्या, केस पिकले. राग तेवढा पिकला नाही. तो अजून वेलावर तसाच हिरवा लोंबतो आहे.

म्हणून आज ही गोष्ट लिहून ठेवते. आबांना वाचायचा कंटाळा आहे, तेव्हा मध्ये कुणी घसा खाकरणार नाही.

माझं माहेर कळसचं. बारामतीच्या, पाटाच्या पाण्यावर जगणाऱ्या माणसापुढं कळसचं नाव काढलं की त्याचा आधी घसा कोरडा पडतो. पाट आमच्या वावरापासून लांबून जायचा. विहीर होती, पण होळी झाली की तिच्यात घागर सोडली तर पाण्याचा नाही, दगडाचा आवाज यायचा. अशा ठिकाणी माझी आई परड्यात काकडी लावायची. माघात आळी करायची, आळ्याच्या मधोमध फुटकं मडकं गळ्यापर्यंत पुरायची, त्याच्या बुडाच्या चिरेत चिंधी कोंबायची. मडक्यात तांब्याभर पाणी घातलं की ते चिंधीतून दिवसभर पाझरायचं आणि मुळांना कळायचं, वरच्या उन्हाला नाही. बाकीचं पाणी न्हाणीचं, भांड्यांचं, तांदूळ धुतलेलं. आमच्या घरात पाणी एका कामाला कधी वापरलंच नाही. तोंड धुतलेल्या पाण्यालासुद्धा पुढं जाऊन काहीतरी करायचं असायचं.

काकडी दिसायला काही नव्हती. आखूड, पांढुरकी, अंगावर बारीक लव. बाजारात मांडली तर कुणी हात लावला नसता. पण उन्हानं ती कडू व्हायची नाही. आता ज्यानं कधी कोरड्या मुलखात काकडी लावली आहे त्याला याचा अर्थ कळेल. पाणी कमी पडलं, ऊन चढलं, की काकडी पहिल्यांदा रागावते आणि तो राग देठाकडून आत उतरवते. मग शेंडा कापा, फेस काढा, मीठ लावा, जीभ आखडायची ती आखडतेच. आईची काकडी वैशाखाच्या दुपारी, वेल मान टाकून पडलेला असतानासुद्धा गोड असायची.

ती आपोआप गोड नव्हती, हे मला आबांच्या गोष्टीत कुठंतरी घालायचं आहे, पण तिथं जागा नाही. आईचा एक नेम होता. वेलावरचं पहिलं फळ जिभेला, दुसरं बियाला, तिसऱ्यापासून घराला. पहिलं फळ कोवळं असतानाच ती तोडायची, देठाकडचा तुकडा चावायची आणि डोळे मिटून उभी राहायची. जरा जरी कडवट लागलं तर तो वेल, फुला-कळ्यांसकट, तिथल्या तिथं उपटून टाकायची. उन्हाळ्यात, घरात दुसरी हिरवी वस्तू दिसत नसताना. माझे वडील कळवळायचे.

"अगं, कडू तर कडू. भाजी करून खाऊ की."

"पोटात गेलेलं कडू एक दिस ऱ्हातंय," आई म्हणायची. "बियात गेलं की जलमभर."

"दुसऱ्या वेलाचं बी धर मग. ह्यो राहू दे."

"आन् भुंगा? त्यो काय इचारून बसतुया व्हय, कुटल्या फुलावर बसू म्हणून?"

भुंग्याची बाजू घ्यायला वडिलांकडं काही नव्हतं.

मग दुसरं फळ. त्याला आई लुगड्याच्या काठाची चिंधी बांधायची. चिंधी बांधली की ते फळ आमच्यासाठी नसल्यासारखंच. आम्ही भावंडं कधी कशाला हात लावायला कमी केलं नाही, देवापुढचा गूळसुद्धा आमच्या तावडीतून सुटला नाही, पण चिंधीच्या काकडीखालून आम्ही वाकून जात असू. ती मोठी व्हायची, पिवळी पडायची, मग तांबूस, मग अंगावर जाळी धरायची, आणि वेल वाळून गेला तरी ती तशीच पडून राहायची. शेवटी आई ती चिरायची, गर पाण्यात कालवून ठेवायची. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर तरंगेल ते टाकायचं, तळाशी बसेल ते ठेवायचं. राख चोळून, सावलीत वाळवून, शेणात थापून ती बिया चुलीमागच्या भिंतीला लावायची. पुढच्या माघापर्यंत तिथं त्यांना धूर मिळायचा, कीड नाही.

गावातल्या बायका बी मागायला यायच्या. आई नाही म्हणायची नाही. पण त्यांच्या परड्यात ती काकडी दोन-तीन वर्षांत पुन्हा कडू व्हायची, कारण बी सगळ्यांनी नेलं, वेल उपटायचं काळीज कुणी नेलं नाही. माझ्या लग्नात मात्र आईनं ते दोन्ही ओटीत घातलं. पदराच्या टोकाला बिया बांधल्या आणि म्हणाली, "बी दोन घरात आसावं. एक घर बुडालं तर दुसऱ्यातनं आणता येतं."

मी बारामतीत आले ती अशी. दागिने बेताचे, अंगात राग भरपूर आणि पदराला काकडीच्या बिया.

सासरी पाटाचं पाणी. ऊस, गुऱ्हाळ, गुळाच्या ढेपा. पुरुषमाणसं दिवसरात्र पाण्याच्या पाळीबद्दल बोलायची. अमक्यानं दार आधी उघडलं, तमक्यानं बांध फोडला. परड्याकडं मात्र कुणी बघायचं नाही. पाट वावरात, परडं घरामागं, आणि घरची विहीर जनावरांनाच पुरायची. माझे सासरे, तात्या, परड्याला 'बायकांची भातुकली' म्हणायचे. त्या भातुकलीतली वांगी, घेवडा, काकडी रोज ताटात येत होती, पण ताटात आल्यावर त्यांचं नाव 'जेवण' होत असे आणि जेवण हे, आमच्या घरात, उसावर चालत होतं.

मी आईच्या पद्धतीनं आळी केली, मडकी पुरली. एक गोष्ट माझ्याकडं आईपेक्षा जास्त होती: उसाचं पाचट. ते मी वेलांच्या बुडाशी जाड अंथरायची, त्यामुळं ओल टिकायची. पाण्यासाठी माझी भिस्त न्हाणीवर. घरात कोण किती पाणी घेतो याचा मी असा अभ्यास केला होता की तेवढा शाळेत केला असता तर चौथीच्या पुढं गेले असते. आमचे हे दोन तांब्यांत आटपायचे, नवऱ्याच्या नावाला कुणी बोट लावू नये, पण वेलांच्या दृष्टीनं माणूस कुचकामी. आबा मात्र घंगाळभर घ्यायचे, अंगावर ओतायचे, पुन्हा मागायचे. ते न्हाणीत शिरले की मी मनातल्या मनात त्यांना आयुष्य चिंतायची. माझ्या काकडीवर ज्या माणसाचे सगळ्यांत जास्त उपकार, तोच तिची गोष्ट चुकीची सांगतो, याला काय म्हणावं?

दोन उन्हाळे चांगले गेले. तिसरा तो.

सन छत्तीस असेल, नाही तर सदतीस. साल चुकलं तर चुकू दे, ऊन चुकायचं नाही. त्या उन्हाळ्यात परड्यातली माती तव्यासारखी झाली होती. अनवाणी गेलं की पाय आधी उचलायचा आणि मग टेकायचा, असं काहीतरी उलटं करावं लागायचं. चिमण्या चोच उघडी टाकून मांडवाच्या सावलीत बसायच्या. पाचटाचा वास भाजक्या गुळासारखा. पाटाची पाळी लांबली होती, घरच्या विहिरीवर जनावरांचा नंबर आधी. वेल एकेक करून गेले. एक तर मी स्वतःच उपटला, कडवट लागला म्हणून. आई कशी उपटत होती कुणास ठाऊक.

त्याच सुमारास कळसचा एक माणूस बाजाराला आला होता, त्याच्याबरोबर निरोप आला. आमची विहीर आटली. वेल सगळे जळाले, एका फळानं चिंधी बघितली नाही. "आयनं सांगितलंय," तो माणूस उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, "आता बी तुझ्याकडंच."

माझ्याकडं म्हणजे एका वेलावर, कारण भिंतीला थापलेलं जुनं बी माघातच टोचून संपलं होतं. आणि त्या वेलावर एकच दुसरं फळ, चिंधी बांधलेलं. घराला द्यायची फळं संपून गेली होती, फुलं उन्हानं गळत होती. मी त्या काकडीवर ओल्या गोणपाटाचा तुकडा टाकायची, संध्याकाळी काढायची, सकाळी भिजवून पुन्हा टाकायची. सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना, स्वच्छ सांगितलं होतं, "आत्याबाई, ही बियाची हाय. म्हायारचंबी बी जळालं. ही एवढीच ऱ्हायली."

"बरं गं," त्या म्हणाल्या होत्या. त्यांना माहीत होतं. घरात सगळ्यांना माहीत होतं. हे मी पुन्हा लिहिते, कारण आबांच्या गोष्टीत काकडी अशीच वेलावर सापडते, रस्त्यात पडलेल्या आण्यासारखी.

बावड्याची मंडळी शेवंताला बघायला आली ती भर दुपारी. बाजाराचा वार लांब होता. घरात कांदे, डाळ, शेंगदाण्याचं कूट आणि गूळ, एवढ्यावर दोन भाज्या आणि गोड उभं करायचं होतं. ते आम्ही केलंही असतं. बायकांनी शून्यातून पंगत उठवल्याची उदाहरणं आमच्या घरात रोजची. मी चुलीपुढं भाकरी थापत होते. तात्या स्वयंपाकघराच्या दाराशी आले.

"पानात काकडी पायजे," ते म्हणाले. "उन्हाचं आल्यात मानसं."

"काकडी कुटली?" आत्याबाई म्हणाल्या. "एक हाय, ती बियाची."

"मग?"

"बियाची हाय म्हनतीया मी. हिच्या म्हायारचं बी हाय ते."

तात्या हसले. रागावले असते तरी चाललं असतं. "अगं, बी काय पळून चाललंय व्हय? काकडी कापली तर बी आतच घावंल की. दोन्ही कामं हुत्यात."

हे शहाणपण. एवढा उसाचा मळा, एवढं पाटाचं ज्ञान, कुठल्या कांडीला कुठला डोळा फुटतो ते बोटांवर, आणि बियाची काकडी आणि खायची काकडी यांतला फरक एवढाच की एकीत बी असतं? मी पदर डोक्यावर ओढलेला, हात पिठात. सासऱ्यांशी बोलायची रीत नव्हती. मी आत्याबाईंकडं बघून म्हटलं, "अजून पिकली न्हाय ती. बी दुधाळ आसंल. उगवायचं न्हाय."

तात्यांनी ऐकलं, पण ऐकलं नाही. त्या काळी सुनेचं बोलणं असंच ऐकायची रीत होती.

आत्याबाईंनी विळी पुढं ओढली. मग माझ्याजवळ वाकून हळूच म्हणाल्या, "पोरीच्या जल्माचं हाय गं."

माझ्यासुद्धा, असं मी म्हणाले नाही. आत्ता लिहिते आहे. माझ्या आईच्या जन्माचं, तिच्या आईच्या जन्माचं. पण समोर शेवंता नवं लुगडं नेसून भिंतीला टेकून बसली होती, तिच्या तळहातांना घाम सुटला होता, आणि त्या घामापुढं काकडीचं नाव काढणं मला जमलं नाही. मी भाकरी उलटली. ती करपली. पहिली करपलेली भाकरी मी स्वतःच्या पानात घेतली, तेवढाच माझा निषेध.

कोशिंबीर झाली. त्या मंडळींतला म्हातारा, मुलाचा चुलता, पहिल्या घासाला थांबला. "काकडी झ्याक हाय," तो म्हणाला. "आसल्या उन्हाची, आन् कडू न्हाय."

आणि तात्या म्हणाले, "घरची हाय. आमच्या परड्यातली."

इथं मला आजही चूल सोडून उठावंसं वाटतं. आमच्या परड्यातली! ज्याला कालपर्यंत भातुकली म्हणत होतात त्या परड्यातली? ती कडू का नव्हती, हे त्या म्हाताऱ्यानं विचारलं असतं तर काय सांगणार होता? कडू नव्हती कारण कळसला एक बाई उन्हात डोळे मिटून उभी राहिली होती. तिच्या आधी तिची आई, तिच्या आधी आणखी कुणी. किती कडू तुकडे त्यांनी चावले असतील, किती हिरवे वेल रडत उपटले असतील, तेव्हा कुठं ती एक कोशिंबीर बावड्याच्या पाहुण्याला गोड लागली. पंगतीत मात्र त्यांच्यातल्या कुणाचं नाव निघालं नाही. नाव निघालं घराचं, आणि घर म्हणजे तात्या.

बरं, त्या काकडीनं सोयरीक जुळली, हेही खोटं. सोयरीक आधीच जुळली होती. तात्या आणि तो चुलता महिनाभर आधी उसाच्या बांधावर बसून सगळं बोलून गेले होते. दुपारचं येणं केवळ रीत म्हणून. घेवड्याच्या शेंगा घातल्या असत्या तरी शेवंता बावड्यालाच गेली असती, आणि सुखानं नांदली असती, जशी नांदली. माझा तिच्यावर राग नाही. तिला स्वतःलाच पाहुण्यांपुढं मांडलेलं होतं. तिनं काकडीकडं काय बघायचं?

पाहुणे गेल्यावर आत्याबाई माझ्यापुढं ताटली घेऊन आल्या. त्यांनी काकडी चिरताना प्रत्येक बी बोटानं वेगळी काढली होती, धुतली होती, वर चिमूट राख भुरभुरली होती. "हे बघ," त्या म्हणाल्या, "एक बी वाया जाऊ दिलं न्हाय."

इतक्या प्रेमानं केलेल्या गोष्टीवर रागावता येत नाही, आणि रागावता येत नाही म्हणून जास्त राग येतो. बिया पातळ होत्या, पांढऱ्या, बोटानं दाबल्या तर चपट्या व्हायच्या. मी त्या वाटीभर पाण्यात सोडल्या. सगळ्या वर आल्या. एकही खाली गेली नाही. वाटीचं तोंड त्यांनी झाकून टाकलं, गव्हल्यांसारखं.

आत्याबाई बघत होत्या. "तरंगत्यात, म्हंजी चांगलं न्हाय व्हय?"

"न्हाय," मी म्हटलं.

त्या तिथंच बसल्या. परत विळी घेऊन कांदा चिरायला लागल्या, कांदा लागणार नव्हता तरी.

आबांच्या गोष्टीतलं ते आठ दिवसांचं रुसणं म्हणजे हे. मी रुसले नव्हते. आईला निरोप काय पाठवायचा, एवढं एक वाक्य मी जुळवत होते आणि ते जुळत नव्हतं. भाकऱ्या थापताना जुळवायची, दळताना जुळवायची. घरातले म्हणायचे, सूनबाईचं तोंड बघा, काकडीवानी लांब झालंय. शेवटी निरोप पाठवलाच नाही. आषाढात माहेरी गेले तेव्हा स्वतः सांगितलं.

आई ज्वारी पाखडत होती. सूप थांबलं.

"पिकू तरी द्यायची," ती म्हणाली. मग विचारलं, "कोन पावना हुता?"

"बावड्याचा. वनसंचा चुलतसासरा."

"काय म्हनला?"

"आसल्या उन्हाची, आन् कडू न्हाय, म्हनला."

"म्हनला?" आईनं विचारलं. आणि तिच्या तोंडावर, मी शपथेवर सांगते, बरं वाटल्याचं दिसलं. सूप पुन्हा हलायला लागलं. मला तात्यांचा आला नव्हता एवढा राग त्या क्षणी आईचा आला. जन्मभर ज्या कामाचं कुणी कौतुक केलं नाही, त्याला एका परक्या म्हाताऱ्यानं घासभर बरं म्हटलं, आणि तेवढ्यावर तिचं समाधान? बी गेलं त्याचं काही नाही? आता वाटतं, तिलाही भूक असेलच की. बी राखणाऱ्या बाईला कुणी वाढत नाही. पण त्या दिवशी मी कळसचं पाणीसुद्धा न पिता उठले होते, आणि थोड्या वेळानं तहान लागल्यावर परत येऊन प्याले. माझ्या रागाची धाव एवढीच.

आता भवानीनगरला साखर कारखाना झाला. पाट कुठं कुठं पोचला, ऊस कुठं कुठं पोचला. परडी गेली, तिथं खोल्या निघाल्या. बी दुकानात मिळतं, चित्राच्या पुडीत. चित्रातली काकडी हिरवीगार, हातभर लांब, सरळ, जशी काही शाळेत शिकलेली. मी दरसाल एक पुडी आणते आणि डब्यात लावते. पहिलं फळ येतं, मी देठाकडचा तुकडा चावते आणि डोळे मिटते. घरातली पोरं म्हणतात, "काकू, देव आठवला का?" मी म्हणते, हो. परवाच्या लग्नातली ती कोशिंबीरसुद्धा कडू होती. आबांनी वर साखर घालून घेतली आणि दुसऱ्यांदा मागितली. गोष्ट सांगताना त्यांना चवीचं भान नसतं.

पण गोष्टीचा एक तुकडा आबांना ठाऊकच नाही. ते त्या दिवशी गुऱ्हाळावर होते.

पुढचा माघ आला. फेकवली नव्हती म्हणून दाव्याच्या खुंटीला टांगलेली ती तरंगलेल्या बियांची पुरचुंडी मी काढली. उगवणार नाहीत हे मला माहीत होतं. मला नाही तर कुणाला माहीत असणार? तरी मी आळं केलं, मडकं पुरलं, पाचट अंथरलं आणि बिया टोचल्या. रोज पाणी घालत राहिले. फाल्गुन गेला. बाजूच्या आळ्यांत वांगी उभी राहिली, घेवडा चढला. या आळ्यात नुसती ओली माती. चैत्र लागला तरी मी पाणी घालतच होते. शेजारणी कुंपणावरून बघायच्या आणि एकमेकींना खुणावायच्या. लग्नाला चौथं वर्ष आणि कूस उजवली नाही, म्हणून मला काहीतरी झालंय, असंही कुणी बोललं असेल. बोलू दे. ते एक आळं कोरडं पडलेलं मला बघवत नव्हतं, एवढंच.

एक दिवस तात्या परड्यात आले. ते कधी यायचे नाहीत. त्या दिवशी आले, कारण विहिरीनं पुन्हा तळ दाखवला होता आणि घरात पाण्यावरून बोलणं निघालं होतं. मी मडक्यात तांब्या ओतत होते. आत्याबाई दगडापाशी भांडी घासत होत्या.

"काय लावलंयस त्यात?" तात्यांनी विचारलं.

मी पदर सारखा केला. सासऱ्यांकडं पाठ करून उभं राहायचं, उत्तर द्यायचं झालं तर आत्याबाईंना द्यायचं, ही रीत. मी पाठ फिरवली नाही. त्यांच्याकडंच बघितलं.

"काय न्हाय," मी म्हटलं. "मागल्या साली तुमी पावन्यांना घातलं, तेच हाय ह्यात."

आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, त्यांना ओरडता आलं असतं. ते रिकाम्या आळ्याकडं बघत उभे राहिले. मग आत्याबाईंना म्हणाले, "खुळी झाली का काय ही? पानी कशाला वाया घालवतीया, सांग हिला."

आत्याबाईंनी मान वर केली नाही. राखेनं तवा घासत राहिल्या. माझ्या सासूनं नवऱ्याच्या बोलण्याला उत्तर दिलं नाही, असं त्या घरात मी पहिल्यांदाच बघत होते, आणि बहुतेक तेही. मग ते वळले आणि आत गेले.

आत्याबाईंनी तवा पालथा घातला. भांड्यांचं पाणी लोखंडी पाटीत साठलं होतं, राखेनं करडं झालेलं. रोज ते वांग्यांना जायचं. त्यांनी पाटी दोन्ही हातांनी उचलली, कमरेवर टेकवली, आणि वांग्यांच्या ओळी ओलांडून माझ्या आळ्याशी येऊन उभ्या राहिल्या.

"ह्याला किती लागतंय गं?" त्यांनी विचारलं.

"आसंल तेवढं," मी म्हटलं.

त्यांनी सगळी पाटी त्यात ओतली.